भोवत्या

ॲक्सिपिट्रिडी पक्षिकुलातील सर्कस या प्रजातीच्या शिकारी पक्ष्यांना मराठीत भोवत्या म्हणतात. त्यांस ‘हारीण’ असेही नाव आहे. घार, गरुड, शिक्रा, तिसा व गिधाडे हे पक्षी याच कुलातील होत. पूर्वी या कुलाचा समावेश ससाण्यांबरोबर फाल्कोनिफॉर्मीस गणात करीत असत. तथापि ससाण्यांचे आनुवंशिक नाते पोपट व गाणारे पक्षी यांच्याशी अधिक जवळचे आहे असे दिसून आल्यामुळे भोवत्या, घार, गरुड इत्यादींचा आता ॲक्सिपिट्रिफॉर्मीस हा स्वतंत्र गण मानण्यात येतो. सर्कस हे प्रजातिनाम ‘किर्कोस’ या ग्रीक शब्दावरून आले असून तो शब्द घिरट्या घालणाऱ्या एका शिकारी पक्ष्यास उद्देशून वापरीत. मराठी नावाचा संबंधही ‘भोवणे’, म्हणजे गोल फिरणे, या क्रियापदाशी लावता येतो. दोन वेगवेगळ्या भाषांनी या पक्ष्याची एकच लकब टिपली आहे.

भोवत्या हा उघड्या गवताळ प्रदेशाचा पक्षी आहे. तो सहसा झाडावर घरटे बांधत नाही व झाडावर रात्रही काढीत नाही. त्याची शिकार, विश्रांती, निद्रा व बहुतेक जातींत वीणही जमिनीलगतच्या गवतात, पिकात किंवा लव्हाळ्यात होते. मध्य आशियाच्या गवताळ मैदानात जन्मलेला भोवत्या हिवाळ्यात महाराष्ट्रातील माळरानांवर आणि सह्याद्रीच्या सड्यांवर येतो, तेव्हा तो एका माळावरून दुसऱ्या माळावर येत असतो. त्याच्या जीवनक्रमाचे आणि त्याच्यावर आलेल्या संकटाचेही मूळ या एका गोष्टीत आहे.

जाती व प्रसार : सर्कस प्रजातीत सुमारे १६ जाती असून अंटार्क्टिका सोडून इतर सर्व खंडांत त्या विखुरलेल्या आहेत. भारतात सहा जाती आढळतात. त्यांपैकी महाराष्ट्रात नियमितपणे येणाऱ्या जाती तीन आहेत : पांढुरका भोवत्या (सर्कस मॅक्रौरस), माँटेग्यूचा भोवत्या (सर्कस पायगार्गस) आणि दलदली भोवत्या (सर्कस इरुजिनोसस). पहिल्या दोन जाती कोरड्या माळरानावर, तर तिसरी जलाशयांच्या काठी व पाणथळ जागी आढळते. काळ्यापांढऱ्या रंगाचा कवड्या भोवत्या (सर्कस मेलॅनोल्युकस) पूर्व सायबीरिया, मंगोलिया, ईशान्य चीन या भागांत वीण करतो आणि हिवाळ्यात मुख्यतः ईशान्य भारत व आग्नेय आशियात उतरतो. महाराष्ट्रात तो क्वचितच दिसतो. सर्कस सायनियस ही जाती प्रामुख्याने उत्तर भारतात, तर दलदली भोवत्याची पूर्वेकडील भगिनीजाती ईशान्य भारतात हिवाळा घालविते.

पांढुरक्या भोवत्याचे वीणक्षेत्र युक्रेन व दक्षिण रशियापासून कझाकस्तान आणि दक्षिण सायबीरियापर्यंतच्या गवताळ मैदानात आहे. माँटेग्यूच्या भोवत्याचे वीणक्षेत्र अधिक विस्तृत असून ते पश्चिम यूरोप व मोरोक्कोपासून मध्य आशियापर्यंत पसरले आहे. या दोन्ही जातींचे काही पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत, तर काही भारतीय उपखंडात जातात. यूरोपातील पक्षी सामान्यतः सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात उतरतात. भारतात येणारे पक्षी प्रामुख्याने मध्य आशियातील असतात.

शरीररचना : भोवत्याची शरीरयष्टी सडपातळ, पंख लांब, शेपटी लांब व पाय उंच असतात. माँटेग्यूच्या भोवत्याची लांबी सुमारे ४३–४७ सेंमी. असते आणि पसरलेल्या पंखांची रुंदी १ मी.हून अधिक भरते. परंतु नराचे वजन जेमतेम पाव किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे पारव्यापेक्षाही थोडे कमीच असते. मादी नरापेक्षा मोठी व वजनदार असते. पांढुरका भोवत्या याहून किंचित भरदार असतो. दलदली भोवत्या सर्वांत दणकट असून त्याच्या पंखांची रुंदी १·१५ ते १·३० मी. असते. देहाच्या मानाने पंखांचा विस्तार एवढा मोठा असल्यामुळे हा पक्षी अतिशय संथ गतीने आणि जमिनीच्या अगदी जवळून, खाली न पडता, उडू शकतो. त्याच्या शिकारीची सारी पद्धत या एका गुणावर उभी आहे.

भोवत्याच्या चेहऱ्याभोवती आखूड व ताठ पिसांचे वर्तुळाकार कडे असते. अशी रचना घुबडात विशेष विकसित झालेली असते. हे कडे आवाज गोळा करून कानाकडे वळविते. उत्तर अमेरिकेतील एका जातीवर केलेल्या व १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की गवताखाली दडलेल्या व न दिसणाऱ्या उंदराची जागा हा पक्षी केवळ आवाजावरून पुष्कळ अचूकपणे हेरू शकतो. उंच पायांमुळे त्याला दाट गवतात खोलवर पंजा घालता येतो.

नर व मादी यांच्या रंगांत मोठा फरक असतो. पांढुरक्या भोवत्याचा प्रौढ नर वरून फिकट राखी व खालून जवळजवळ पांढरा असून त्याच्या पंखाच्या टोकाशी पाचरीसारखा अरुंद काळा भाग असतो. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर अधिक गडद राखी असतो. त्याच्या पंखाच्या टोकाचा काळा भाग मोठा असतो, पंखावर एक काळा आडवा पट्टा असतो आणि पोटावर तांबूस रेघा असतात. दोन्ही जातींच्या माद्या तपकिरी असून शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा व शेपटीवर आडवे पट्टे असतात. त्यामुळे उडताना माद्यांची जात ओळखणे अनुभवी निरीक्षकासही कठीण जाते. पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांचे पोट तांबूस व बिनरेघांचे असते. पांढुरक्या भोवत्याच्या अशा पक्ष्यात मानेभोवतीची फिकट पट्टी ठळक असते. दलदली भोवत्याची मादी गडद तपकिरी असते व तिचे डोके मळकट पिवळसर असते.

नर व मादी यांतील या फरकामुळे यूरोपात दीर्घकाळ घोटाळा झाला होता. राखी नर ही एक जात आणि पट्टेदार शेपटीची तपकिरी मादी ही दुसरी जात, असे पुष्कळ निरीक्षक मानीत. जॉर्ज माँटेग्यू (१७५३–१८१५) या इंग्रज निसर्गवैज्ञानिकांनी घरट्यातील पिले पाळून त्यांची वाढ पाहिली आणि ही दोन्ही रूपे एकाच जातीची असल्याचे दाखवून दिले. १८०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पक्षिकोशात त्यांनी सडपातळ राखी भोवत्याचे वेगळेपणही स्पष्ट केले. या जातीला लिनीअस यांनी १७५८ मध्येच शास्त्रीय नाव दिले होते. तथापि व्यवहारात तिला माँटेग्यू यांचे नाव पडले.

शिकार व भक्ष्य : ससाणा उंचावरून वेगाने झडप घालतो, गरुड उंच घिरट्या घालून भक्ष्य हेरतो; भोवत्याची रीत याहून वेगळी आहे. तो जमिनीपासून दोन-चार मीटर उंचीवरून, पंख किंचित वर उचलून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे धरून, मधूनमधून चार-सहा वेळा पंख मारीत आणि मग तरंगत गवतावरून पुढे सरकतो. एका पट्ट्यावरून जाऊन तो वळतो व शेजारच्या पट्ट्यावरून परत येतो. एखाद्या शेतकऱ्याने शेतात तास धरावे त्याप्रमाणे तो माळ पिंजून काढतो. बांध, ओढ्याचा काठ, पिकाची कड, कुंपणाची रांग या जागा तो विशेष कसोशीने तपासतो, कारण लहान प्राण्यांची ये-जा तेथे अधिक असते. भक्ष्याची चाहूल लागताच तो हवेतच थबकतो, शेपटी पसरतो व एकदम वळून पाय पुढे करून गवतात कोसळतो. यांतील बहुतेक झडपा वाया जातात. म्हणून दिवसाचा पुष्कळ काळ त्याला उडत राहावे लागते व मोठे क्षेत्र धुंडाळावे लागते.

वीणक्षेत्रात भोवत्याचे मुख्य भक्ष्य गवतातील लहान कृंतक प्राणी (कुरतडणारे प्राणी) हे असते. हिवाळी प्रदेशात कीटकांना, विशेषतः टोळ व नाकतोडे यांना, फार महत्त्व येते. याशिवाय चंडोल, तिरचिमण्या, लावे यांसारखे जमिनीवर राहणारे पक्षी, सरडे, उंदीर व बेडूक हे त्याचे भक्ष्य होय. दलदली भोवत्या जखमी किंवा आजारी पाणपक्षीही पकडतो. न पचलेले केस, पिसे, हाडे आणि कीटकांची कठीण कवचे यांची गुठळी करून हा पक्षी ती तोंडावाटे टाकून देतो. रात्रीच्या मुक्कामाच्या जागी सापडणाऱ्या अशा गुठळ्या भिजवून व सोडवून पाहिल्या, की त्याच्या आहाराचा बराचसा हिशेब मिळतो. गुजरातेतील वेळावदर येथील गुठळ्यांत टोळ व नाकतोडे यांचे अवशेष मोठ्या प्रमाणात आढळले. शेतीच्या दृष्टीने भोवत्या हा उंदीर आणि नाकतोडे यांचा शत्रू, म्हणून शेतकऱ्याचा मित्र ठरतो.

सामुदायिक रातथारा : दिवसा एकेकटा हिंडणारा भोवत्या हिवाळ्यात रात्री मात्र समूहाने राहतो. सूर्यास्तापूर्वी चहूबाजूंनी हे पक्षी ठराविक गवताळ जागेकडे येऊ लागतात, काही काळ वर घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता गवतात उतरतात. प्रत्येक पक्षी गवत दाबून आपल्यापुरती बसण्याची जागा करतो. निरनिराळ्या जातींचे पक्षी एकाच थाऱ्यावर राहतात. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्यास कोल्हा, खोकड, रानमांजर आणि कुत्रा यांचे भय असते. अनेक जण एकत्र असल्यास धोक्याची सूचना लवकर मिळते, हा या सहवासाचा एक लाभ मानतात. यासाठी लागणारे गवत पक्ष्याला झाकण्याइतके उंच, परंतु सहज उडता येईल इतके विरळ असावे लागते. असे गवत वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी टिकले तर तो थाराही टिकतो.

भावनगर जिल्ह्यातील वेळावदर येथे काळविटांसाठी १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेथील गवतात १९९० नंतरच्या दशकात झालेल्या मोजणीत भोवत्यांचा असा मोठा समूह आढळला, की तो जगातील सर्वांत मोठा नोंदलेला रातथारा म्हणून प्रसिद्ध झाला. आंध्र प्रदेशातील रोल्लापाडु येथेही मोठा थारा होता. पुढील काळात मात्र देशातील अनेक थाऱ्यांवरील पक्ष्यांची संख्या लक्षणीय प्रमाणात घटल्याचे मोजण्यांवरून दिसून आले आहे.

प्रजोत्पादन : भोवत्याची वीण एप्रिल ते जुलै या काळात त्याच्या उत्तरेकडील मायदेशी होते, महाराष्ट्रात येणाऱ्या जाती येथे वीण करीत नाहीत. विणीच्या प्रारंभी नर आकाशात उंच चढतो, तेथून गिरक्या व कोलांट्या घेत खाली येतो व पुन्हा वर जातो. घरटे जमिनीवर, उंच गवतात किंवा पिकात, काड्या व गवत यांचे केलेले असते. माँटेग्यूचा भोवत्या बहुधा ३–५ अंडी घालतो. अंडी उबविण्याचे काम मादीच करते व त्यास सुमारे चार आठवडे लागतात. या काळात नर तिला अन्न पुरवितो. अन्न देण्याची त्यांची रीत प्रेक्षणीय असते : नर भक्ष्य घेऊन येतो व हाक देतो, मादी घरट्यावरून उडून त्याच्या खाली येते, नर भक्ष्य सोडतो आणि मादी अंग उलटे करून ते हवेतच झेलते. घरट्याची नेमकी जागा यामुळे उघड होत नाही. पिले सुमारे पाच आठवड्यांत उडू लागतात. काही नर एकाच हंगामात दोन माद्यांशी जोडी करतात.

कृंतकांची संख्या ज्या वर्षी वाढते त्या वर्षी भोवत्यांची वीण चांगली होते. ज्या वर्षी ती घटते त्या वर्षी पुष्कळ जोड्या अंडीच घालीत नाहीत किंवा दुसरीकडे जातात. पांढुरका भोवत्या या बाबतीत विशेष भटका आहे. अलीकडील काळात त्याने पश्चिमेकडेही हातपाय पसरले असून २०१७ मध्ये नेदर्लंड्समध्ये त्याची वीण झाल्याची नोंद आहे.

स्थलांतर : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भोवत्या भारतात येऊ लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत फिरतो. उत्तर कझाकस्तानातील गवताळ मैदान आणि कोल्हापूर यांतील अंतर सरळ रेषेत मोजले, तरी ते चार हजार किमी.च्या आसपास भरते. प्रत्यक्ष मार्ग याहून लांब असतो. पाठीवर बसविलेल्या लहान उपग्रह-प्रेषकांच्या साहाय्याने मिळालेल्या माहितीवरून हे पक्षी हिमालयाची उंच रांग टाळून वायव्येकडून, म्हणजे पाकिस्तान व अफगाणिस्तान या बाजूने, मध्य आशियात ये-जा करतात असे दिसते. गरुड व गिधाडे यांना दूरच्या प्रवासात तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा आधार लागतो. त्यामुळे ते रुंद समुद्र टाळतात. भोवत्याचे पंख लांब व अंग हलके असल्यामुळे तो पंख मारीतही दूरवर जाऊ शकतो. म्हणून त्याचा प्रवास अरुंद मार्गात कोंडला न जाता रुंद आघाडीवर पसरलेला असतो.

हिवाळी प्रदेशात पोहोचल्यावरही हा पक्षी एका जागी बसून राहत नाही. आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात माग काढलेल्या पक्ष्यांनी एकाच हिवाळ्यात, गवत वाळत जाईल व नाकतोडे कमी होतील तसतसे, एकामागून एक अनेक ठिकाणी मुक्काम केल्याचे आढळले. यांतील बऱ्याच जागांवर तेच पक्षी पुढील वर्षीही परतले. यावरून एका पक्ष्याला जगण्यासाठी एक माळ नव्हे, तर एकमेकांपासून दूर असलेल्या माळांची मालिकाच लागते, हे लक्षात येते. तीतील एक दुवा तुटला तरी बाकीचे दुवे अपुरे पडू शकतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील अधिवास : भोवत्याला कशा प्रकारची जमीन मानवते व कशी मानवत नाही, हे समजण्यास कोल्हापूर जिल्ह्याचे उदाहरण सोयीचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या नदीखोऱ्यांपर्यंत थोड्याच अंतरात येथील भूरूप व पाऊस वेगाने पालटतो. जिल्ह्याच्या वायव्य भागात कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर, कोल्हापूरपासून सुमारे ४५ किमी. अंतरावर, शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस आंबा घाट व विशाळगडाचा डोंगराळ, दाट झाडीचा व अतिपावसाचा मुलूख लागतो. हे अरण्य अनेक वन्य जीवांचे आश्रयस्थान असले, तरी भोवत्याच्या उपयोगाचे नाही. झाडांच्या गर्दीत त्याला उडता येत नाही.

या अरण्याला लागून मात्र जांभ्या खडकाचे सपाट व उघडे माथे आहेत. त्यांना स्थानिक भाषेत सडे म्हणतात. पन्हाळ्यानजीकचे मसाई पठार याच प्रकारचे आहे. पावसाळ्यात या सड्यांवर पाणी साचते व गवत-फुले उगवतात. ऑक्टोबरनंतर गवत पिवळे पडते, नाकतोडे, सरडे व चंडोल विपुल होतात. भोवत्याच्या आगमनाचा समय हाच असतो. पायथ्याच्या खाचरांतील भाताची कापणी याच सुमारास होते आणि धसकटांच्या मोकळ्या रानात त्याला आणखी एक शिकारीची जागा मिळते. मलकापूर परिसरातील खाचरे व त्यांच्या माथ्यावरचे सडे मिळून भोवत्याच्या हिवाळी मुक्कामाला लागणारा मोकळा पट्टा तयार होतो. पूर्वेकडे शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूस गेल्यास बारमाही बागायत व उसाचे फड लागतात. उंच व दाट उसात वरून शिकार करता येत नाही. तेथे जलाशयांचा व पाणथळ जागांचा काठ दलदली भोवत्याला उपयोगी पडतो, परंतु कोरड्या माळावरच्या दोन्ही जातींना जागा थोडीच उरते.

सड्यावरील गवत अबाधित राहिले म्हणजेच ते उपयुक्त, असे समजणे बरोबर नाही. या भागातील शेतकरी दिवाळीच्या सुमारास गवत कापून त्याच्या पेंढ्या साठवितात, धनगर व गवळी सड्यावर गुरे-मेंढ्या चारतात. माफक कापणी व चराई यांमुळे झुडपे माजत नाहीत आणि उघडीप टिकते. मात्र सरसकट वणवा लावल्यास नाकतोड्यांची अंडी, सरडे व रातथाऱ्याचे गवत ही सर्व एकाच दिवसात नष्ट होतात. चराई व कापणी कोठे, किती व केव्हा व्हावी हा या अधिवासाच्या व्यवस्थापनातील खरा प्रश्न आहे.

ऱ्हासाची कारणे : भोवत्यांना दोन्ही मुलखांत गवताळ जमिनीच्या रूपांतराचा फटका बसला आहे. कझाकस्तान व लगतच्या सोव्हिएट प्रदेशांत १९५४ पासून ‘अस्पृष्ट भूमी’ मोहिमेखाली गवताळ मैदानाचे प्रचंड क्षेत्र गव्हासाठी नांगरण्यात आले. १९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्याचे विघटन झाल्यानंतर यांतील पुष्कळ शेते पडीक राहिली व काही ठिकाणी गवत परतले. पश्चिम यूरोपात गव्हा-जवाच्या शेतातच घरटी होऊ लागल्यामुळे कापणीयंत्राखाली पिले मरतात. फ्रान्स, स्पेन, जर्मनी या देशांत स्वयंसेवक घरटी शोधून, शेतकऱ्याच्या संमतीने त्यांभोवतीचा चौकोन न कापता राखून ठेवतात. या उपायाने अनेक पिले वाचली आहेत.

भारतात अडचण वेगळी आहे. माळरान, गायरान व मुरमाड पड यांना महसुली व्यवहारात फार पूर्वीपासून निरुपयोगी जमीन समजले गेले. देशाच्या पडीक जमिनीचे जे नकाशासंग्रह शासनाने प्रसिद्ध केले, त्यांतही झुडुपी माळ व ऱ्हास पावलेली कुरणे यांची गणना पडीक जमिनीत झाली आहे. जमीन निरुपयोगी ठरली, की ती ओलिताखाली आणणे, तिच्यावर कारखाने उभारणे किंवा तिच्यावर झाडे लावणे यांस हरकत घेण्याचे कारण उरत नाही. यांपैकी वृक्षारोपण हे सर्वांना सत्कार्य वाटते. परंतु मूळच्या गवताळ माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी यांची दाट लागवड केल्यास माळढोक, धाविक, चंडोल व भोवत्या या उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्यांचे घर नाहीसे होते. सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोकासाठी १९७९ मध्ये ८,४९६ चौ. किमी.चे अभयारण्य जाहीर झाले होते. पुढे त्याचे क्षेत्र १,२२२ चौ. किमी. इतके कमी करण्यात आले. नान्नजचे गवत माळढोकासाठी राखले गेले, तरी हिवाळ्यात त्याचा लाभ भोवत्यासही मिळतो. एका दुर्मिळ पक्ष्यासाठी राखलेला माळ दुसऱ्या अनेकांना उपयोगी पडतो, याचे हे उदाहरण होय.

कीटकनाशकांचा परिणाम दुहेरी होतो : नाकतोडे व उंदीर कमी झाल्याने अन्न तुटते आणि विषारी भक्ष्य खाल्ल्याने पक्ष्याच्या शरीरात विष साठू शकते. सड्यांच्या बाबतीत खाणकाम व पवनचक्क्या ही आणखी दोन कारणे आहेत. शाहूवाडी व राधानगरी तालुक्यांतील काही सड्यांच्या जांभ्यात बॉक्साइट सापडते व तेथे खाणकाम झाले आहे. पवनचक्क्यांचा परिणाम सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावर अभ्यासण्यात आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या इतर भागाच्या सुमारे एक-चतुर्थांश आढळली. त्याचबरोबर तेथील सरड्यांची संख्या वाढली व त्यांच्या वर्तनात बदल झाला. (या सरड्यांच्या प्रजातीला २०१६ मध्ये दिलेले ‘सरडा’ हे शास्त्रीय नाव मराठी शब्दावरूनच घेतले आहे.) या अभ्यासातील शिकारी पक्षी मुख्यतः तिसा, कापशी इत्यादी जातींचे होते, तथापि उघड्या पठारावर कमी उंचीवरून उडणारा भोवत्याही त्याच अधिवासाचा वाटेकरी असल्यामुळे हा निष्कर्ष त्याच्या दृष्टीनेही विचारात घेण्यासारखा आहे.

संरक्षण : भारतात भोवत्याला वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कायदेशीर संरक्षण आहे. ॲक्सिपिट्रिडी कुलातील पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. स्थलांतरी वन्य प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९८३ पासून सदस्य आहे. आफ्रिका व यूरेशियातील स्थलांतरी शिकारी पक्ष्यांसाठी २००८ मध्ये स्वतंत्र सामंजस्य करार झाला व त्यावर भारताने २०१६ मध्ये स्वाक्षरी केली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंधारण संघाच्या सूचीत पांढुरका भोवत्या संकटसमीप जातींत गणला आहे.

कायद्याने पक्षी मारणे थांबविता येते. परंतु भोवत्या बंदुकीने जितका मरतो त्याहून अधिक तो जागा नाहीशी झाल्याने घटतो. त्याच्या रक्षणासाठी मोठे बांधकाम किंवा मोठा खर्च लागत नाही. रातथाऱ्याचे गवत हिवाळा संपेपर्यंत न कापणे, वणव्याला आळा घालणे, माळावर झाडे लावण्यापूर्वी तो मूळचा माळ आहे काय याची तपासणी करणे आणि गायरानाचा गायरान म्हणूनच उपयोग चालू ठेवणे, एवढे उपाय पुष्कळ आहेत. ज्या जमिनीवर मेंढ्या चरतात, गुरांसाठी पेंढी मिळते आणि पावसाचे पाणी मुरते, तिच्यावरच हजारो किमी.वरून आलेला हा पक्षी हिवाळाभर जगतो. अशा जमिनीची नोंद ‘पडीक’ या सदरात करणे हे तिच्या उपयोगाच्या अज्ञानाचे द्योतक आहे.